कोरं सोडायचं नाही!

परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर गल्लीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिनं लातूरला अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनचा अभ्यासक्रम पुरा केलाय. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी राहायचं काम. पुण्याच्या एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. "गुरुजी, तयारी करून घ्या की!" आता मी पडलो मराठीचा बी.ए., मला भुलीतलं काय कळणार? पण तिचे वडीलही माझ्याच हाताखाली शिकलेले. नाही म्हणवेना.

वहीभर इंग्रजी उत्तरं लिहून पाठ केलेली. ती घडाघडा म्हणत होती आणि मला जुना निबंधाचा तास आठवत होता. मधेच मी मराठीत विचारलं, ऑक्सिजनचा सिलिंडर ओळखायचा कसा? काळा, खांदा पांढरा. नायट्रस ऑक्साइडचा निळा. आणि रंगच उडाला असेल तर? मग तिनं वही मिटली. छोट्या सिलिंडरच्या तोंडाशी भोकं असतात, प्रत्येक वायूची जागा वेगळी, मशीनच्या खुंट्या त्यात बसल्या तरच सिलिंडर बसतो, हे हातवारे करून सांगितलं. सकाळी पहिला पेशंट आत येण्याआधी नळी कुठे गळते का, सक्शन ओढतं का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सगळं तपासायचं. फार छान सांगितलं पोरीनं.

मग तिच्याच पुस्तकातून एका औषधाचं प्रमाण विचारलं. येत नव्हतं, पण क्षणभरही न थांबता ठोकून दिलं. मी पान उघडून दाखवलं. "अगं, येत नव्हतं तर बोललीस कशाला?"

"अण्णा सांगतात ना, गुरुजी म्हणायचे, कोरं सोडायचं नाही. काहीतरी लिहा, अर्धा मार्क तरी मिळतो."

काय बोलणार? 34 वर्षं मी हेच सांगत आलो. इतिहासाच्या पेपरात त्यानं कुणाचं बिघडत नाही. शिवाय मुलं नापास होऊ नयेत एवढीच धडपड असायची.

आमचा हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवायला हैदराबादेत 1888 आणि 1889 साली दोन आयोग बसले. पैसा निजाम सरकारचा, पुढारी डॉक्टर एडवर्ड लॉरी. शेकडो जनावरांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला: श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही. श्वासाचं खरंच होतं. पण हृदयाचं? क्लोरोफॉर्मनं हृदय एकाएकी थांबू शकतं, हे गुडमन लेव्ही यांनी 1911 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एवढे जाणते लोक, पण ठाम उत्तर देऊन बसले होते.

माझं मत विचाराल तर या कामाच्या मुलाखतीत फाडफाड इंग्रजीला मार्क देऊच नयेत. टेबलावर घाबरून पडलेल्या म्हातारीशी ही पोर मराठीतच बोलणार आहे. बघायचंच असेल तर येत नसताना ती काय करते ते बघावं. पण आपल्याकडे अडखळणाऱ्यापेक्षा ठोकून देणारा हुशार वाटतो... तसं वाटायला आम्हीच शिकवलं म्हणा.

असो. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून करीन." मराठीत आणि इंग्रजीत. दहा वेळा म्हणेपर्यंत पोरीचे कान लाल झाले. आतून आमची मंडळी म्हणाली, "आधी स्वतः एकदा म्हणून दाखवा!"

काल तिचा पुण्याहून फोन आला. त्यांनी एका मशीनबद्दल विचारलं, तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, तसं सांगितलं. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं म्हणे. काय लिहिलं ते दिसलं नाही. निकाल आठवड्यानं आहे.