देवानें आम्हांसच राखलें काय?

संकट आपल्या दारावरून पुढें गेलें कीं मनुष्य देवाचे उपकार मानतो. तें योग्यच आहे. परंतु त्या उपकारस्मरणांत कधीं कधीं एक कठोर विचार नकळत शिरतो, त्याकडे विद्यार्थिमित्रांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

सन २०२० च्या जूनच्या ३ तारखेस निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. रत्नागिरीसही वाऱ्याचा तडाखा बसला. मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक मोठें जहाज येऊन रुतलें, तें पुढें कित्येक वर्षें तेथेंच पडून होतें. तरी मुख्य आघात उत्तरेकडे झाला. देवळें, मशिदी, उपासनामंदिरें तेव्हां टाळेबंदीमुळें बंदच होतीं, परंतु आमच्या मांडवींत घरोघरीं एकच वाक्य ऐकूं येई, "देवानें राखलें."

मग केळशी, आंजर्ले, मुरूड येथील लोकांचें काय? दापोली व मंडणगड तालुक्यांत माडापोफळींच्या बागा एका दुपारांत आडव्या झाल्या. घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. तेथील बायाबापड्यांनीं आमच्याहून थोडी प्रार्थना केली होती काय? वादळाची दिशा वळली तिला देवाची पसंती म्हणावें, तर ज्यांच्यावर तें वळलें ते नापसंत ठरतात. असला हिशेब देवबापाच्या नांवावर मांडणें आम्हांस मान्य नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत शिलोहाच्या बुरुजाची हकीकत आहे. तो कोसळून अठरा माणसें मेलीं. तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, असें प्रभूनें विचारलें, आणि त्याचें उत्तरही त्यानेंच नकारार्थी दिलें. त्याच ठिकाणीं पश्चात्तापाचें पाचारण आहे खरें. परंतु तें बुरुजाखालीं गेलेल्यांस नाहीं, बाहेर उभे राहून त्यांच्याविषयीं बोलणाऱ्यांस आहे. हें आमचे पुष्कळ उपदेशक विसरतात!

तर देवाचें चांगुलपण शोधावयाचें कोठें? त्या वर्षीं मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली व मुंबईचे चाकरमानी गांवाकडे परतूं लागले. ज्यांच्या मनिऑर्डरींवर कोकणांतील चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटल्या, त्यांनाच कित्येक गांवांनीं वेशीवर अडविलें. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु जिल्ह्यांतील अनेक शाळांचे वर्ग ह्याच माणसांसाठीं उघडले गेले. बांकें भिंतीस लावून तेथें पथाऱ्या पडल्या. भीति सर्वांसच होती. तरीही कोणी पेजेचें भांडें उंबऱ्यावर ठेवून मागें सरे, तर कोणी ओळख नसतां औषध आणून देई. आमच्या मतें चांगुलपण पाहावयाचें तें अशा ठिकाणीं. तें वादळ थांबवीत नाहीं, रोग परतवीत नाहीं. पण भ्यालेल्या माणसासही उंबऱ्यापर्यंत चालवीत नेतें.

तथापि येथेंही जपून बोललें पाहिजे. सन २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस चिपळूण बुडालें. वरून मुसळधार पाऊस, खालून भरतीचें पाणी. वाशिष्ठी बाजारपेठेंत शिरली. रुग्णालयांत प्राणवायूवर असलेले रुग्ण त्या दिवशीं दगावले. पुढें चिखल उपसण्यास गांवोगांवचीं माणसें फावडीं घेऊन आलीं हें खरें, आणि त्याबद्दल आम्ही देवाची स्तुति करतों. परंतु ह्या मदतीसाठींच देवानें पूर आणला असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. ज्याचा बाप गेला त्याच्यापुढें असें बोलून पाहावें, म्हणजे त्या तत्त्वज्ञानाची किंमत कळेल. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें वर्तन उत्तम होतें. बिघडलें तें त्यांनीं तोंड उघडल्यावर.

पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळाच्या दिवसांत आई, बाप व बहीण गमावलीं. उपाशी माणूस कसा दिसतो हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि तेथील निराधार मुलींस त्यांनीं आपल्या आश्रयास आणलें. केडगांवच्या मुक्तीची वाढ त्या मुलींमुळें झाली. आपल्या घरच्यांचा मृत्यु देवानें कां होऊं दिला ह्याचें उत्तर मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर त्या मुली कोठें गेल्या असत्या?

आशेविषयींही आमचें म्हणणें असेंच साधें आहे. दापोलीकडच्या बागा पुन्हा लावल्या गेल्या. पोफळीस फळ धरण्यास सहासात वर्षें लागतात, माडासही जवळ जवळ तितकींच. पुढील वादळ येणार नाहीं अशी हमी लावणाऱ्यास कोणीं दिली नव्हती. वर्ष सरण्यापूर्वींच, मे २०२१ मध्यें, तौक्ते ह्याच किनाऱ्यावरून गेलें. सुटींत केळशी-आंजर्ल्याकडे जाणाऱ्या पालकांनीं मुलांस त्या बागांत अवश्य न्यावें, आणि रोप लावतांना ज्याचे केंस पिकलेले होते असा एखादा बागाईतदार भेटल्यास, त्यानें तें कोणासाठीं लावलें हें मुलांसच त्याला विचारूं द्यावें.