आज्ञावलीचे बाळबोध वळण

इ. स. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्या राज्याचे मराठी दफ्तर मोडीत लिहिले जाई. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे, आणि शब्दाशब्दांत जागाही क्वचितच सुटे. कारकुनाचा वेळ वाचे. वाचणाऱ्याचा खर्ची पडे. अनेकांनी वाचावयाची पोथी मात्र बाळबोधीत लिहीत. आज त्याच जबलपुरात माहिती तंत्रज्ञान व अभिकल्पन शिकविणारी, २००५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहू लागणाऱ्या तेथील व इतरत्रच्या विद्यार्थ्यांपुढे हीच निवड उभी असते. ड्रायव्हर लिहिताना तर ती फार महत्त्वाची ठरते.

ध्वनी-कार्ड, कळफलक, कॅमेरा अशा उपकरणांशी व्यवहार करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये ती बहुधा कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ कारभाऱ्याच्या, अंतर्भागात चालते. सामान्य आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. ड्रायव्हर चुकला तर सारे यंत्र थांबू शकते. शिवाय ज्या उपकरणासाठी तो लिहिला, ते उपकरण परीक्षकापाशी पुष्कळदा नसते. चालवून पाहण्याची सोय नसल्यामुळे त्याला वाचूनच पारख करावी लागते. म्हणून ड्रायव्हरच्या बाबतीत सुवाच्यता हा सुरक्षिततेचाच एक भाग मानला पाहिजे.

लिनक्सचे लेखननियम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ओळ आत सरकवावयाची ती आठ स्तंभांनी. तिहीहून अधिक पायऱ्या आत जावे लागले तर रचनाच बदलावी. एका फलनाने एकच काम करावे. मध्येच काही फसले, तर घेतलेली स्मृती व लावलेली कुलुपे फलनाच्या शेवटी एकाच ठिकाणी, उलट क्रमाने सोडावीत. असे लिहिले असता न सुटलेले कुलूप वाचकाच्या डोळ्यांत भरते.

मांडणी फसवी असली म्हणजे काय होते, हे २०१४ साली दिसून आले. ॲपलच्या सुरक्षित-संपर्काच्या आज्ञावलीत एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ पहिलीखाली तितकीच आत सरकलेली असल्याने ती अटीच्या अधीन भासे. प्रत्यक्षात ती नेहमीच अमलात येई, आणि पुढील तपासणी टळे. यंत्राने कंसांकडे पाहिले, माणसाने समासाकडे.

यावर कोणी म्हणेल की, परीक्षक रिकाम्या जागा मोजीत बसतात आणि खरा दोष निसटून जातो. आक्षेप खरा आहे. पण तो नियमांवर नसून कामाच्या वाटणीवर आहे. जागा मोजण्यास लिनक्सपाशी चेकपॅच नावाची आज्ञावली आहेच. तिच्यातील ओळीची मर्यादा २०२० साली ८० अक्षरांवरून १०० वर नेण्यात आली, यावरून नियम वाचकासाठी असतात हेही कळते. समास यंत्राने तपासावा, अर्थ माणसाने.

तेव्हा विद्यालयांनी प्रात्यक्षिकात एक साधी भर घालावी. विद्यार्थ्याची आज्ञावली चालते की नाही हे पाहण्याआधी ती त्याच्या सहाध्यायाच्या हाती द्यावी, आणि लेखकाला काही न विचारता तिचा अर्थ सांगण्यास त्याला सांगावे. त्याला जे सांगता आले नाही, ते लेखकाने पुन्हा लिहावे.