भूमध्य समुद्राकाठचा आहार : काय घ्यावे, काय सोडावे?



मागच्या गळीत हंगामाचा बॉयलर पेटला त्या दिवशी प्रस्तुत लेखक दवाखान्यात कॉटवर पडून होता. छातीत कळ आली, तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबलेली निघाली, तिथे जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदाच्या तळाशी दोन शब्द लिहिले : ‘मेडिटरेनियन डाएट’. म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा आहार. पुढच्या रविवारी चिरंजीव पुण्याहून ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा डबा घेऊन आले. आमच्या मंडळींनी डब्यावरची किंमत वाचली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, एवढ्यात सहा महिन्यांचं शेंगतेल निघालं असतं. आणि हे खाऊन तिकडचे लोक मरत नाहीत का?’’

प्रश्न रास्त होता. तीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवताना ‘भूमध्य सागरी हवामान : हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, द्राक्षे, ऑलिव्ह, लिंबूवर्गीय फळे’ एवढे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. पण त्या काठावरचा शेतकरी दुपारी काय जेवतो, हे ना मला ठाऊक होते, ना पोरांनी कधी विचारले. डॉक्टरांनी सहा आठवडे रानात जायला बंदी केली होती. तेवढ्या सवडीत जे वाचले आणि जे पटले, ते इथे मांडतो.

या आहाराचे मूळ गाव म्हणजे ग्रीस देशाचे क्रीट नावाचे बेट. डोंगराळ मुलूख, माती पातळ, पाणी कमी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते बेट तुडवले. युद्धानंतर १९४८ साली अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने तिथल्या लोकांची पाहणी केली. हेतू आहार शिकण्याचा नव्हता. ह्या गरीब लोकांना वर कसे काढावे, हे बघायचे होते. लोक खात होते ते असे : जवाची दोनदा भाजलेली कडक भाकर, पाण्यात भिजवून, हरभरा, मसूर, वाटाणा, रानातली पालेभाजी, कांदा, ऑलिव्ह, फळे, थोडे बकरीच्या दुधाचे चीज, आणि ह्या सगळ्यावर ऑलिव्हचे तेल सढळ हाताने. मांस सणावारी. त्यातून त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास कडक. जे काटेकोर पाळतात त्यांचे वर्षातले निम्मे दिवस मांस, दूध, अंडी ह्यांच्याविना जातात.

दहा वर्षांनी, १९५८ साली, अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांची मोठी पाहणी सुरू केली. अमेरिका, फिनलंड, हॉलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथील चाळीस ते एकोणसाठ वर्षांचे सुमारे १२,७०० पुरुष नोंदवले आणि पुढे वर्षानुवर्षे कोण कशाने गेला ह्याचा हिशेब ठेवला. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत कमी क्रीटमध्ये निघाले, सर्वांत जास्त पूर्व फिनलंडमध्ये. आणि गंमत अशी, की स्निग्ध पदार्थ दोघेही जवळपास सारखेच खात होते. फिनलंडचा लाकूडतोड्या लोणी आणि सायीचे दूध खाई, क्रीटचा शेतकरी रोज ९५ ग्रॅमच्या आसपास तेल खाई. मांस मात्र ३५ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा नुसते ‘तेलतूप सोडा’ हा सल्ला अपुरा ठरला. कोणते तेल, कशाबरोबर आणि कुणाच्या पोटात, हे विचारणे भाग पडले.

ह्या पाहणीवर पुढे टीकाही झाली, आणि ती खोटी नाही. देश निवडताना कीज यांनी आपल्या मताला सोयीचे निवडले, असे म्हणणारे आजही आहेत. क्रीटमध्ये ताटातले वजन करून जी नोंद घेतली, ती थोड्याच घरांची होती आणि त्यातली एक फेरी ईस्टरच्या आधीच्या उपासांत पडली. आपल्याकडे चातुर्मासात येऊन कुणी लिहून नेले की ही माणसे कांदा-वांगे खातच नाहीत, तर कसे होईल?

पण एकट्या त्या पाहणीवर हा आहार उभा नाही. फ्रान्समध्ये ल्योन शहरी एकदा झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांना ह्या पद्धतीचे जेवण दिले, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचे आणि त्याने मरण्याचे प्रमाण फारच कमी आढळले. १९९४ साली त्याचा अहवाल आला. त्यात घरच्या लोण्याऐवजी रुग्णांना जो पदार्थ लावायला दिला, तो रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या भावकीतल्या बियांच्या तेलापासून केलेला होता. हा मुद्दा मी मंडळींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी डब्याकडे बघून फक्त ‘‘हं’’ म्हटले.

सर्वांत मोठा प्रयोग स्पेनचा. ७,४४७ माणसे, वय ५५ ते ८०, सगळी हृदयविकाराचा धोका असलेली. एका गटाच्या घरी आठवड्याला लिटरभर उत्तम ऑलिव्ह तेल फुकट पोचवले, दुसऱ्याला रोज मूठभर अक्रोड-बदाम-हेझलनट, तिसऱ्याला नुसता कमी स्निग्धाचा सल्ला. २०१३ साली जाहीर झाले की पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू आणि त्यांमुळे येणारे मृत्यू मिळून तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. मग भानगड निघाली. माणसे चिठ्ठी टाकून गटात घालायची, हा अशा प्रयोगाचा नियम. पण एका केंद्रावर शेजारच्याला तेल आणि मला का नाही, म्हणून गावकरी कुरकुरू लागले, आणि तिथल्या संशोधकाने गावेच्या गावे एकाच गटात घालून टाकली. ज्यांनी सोसायटीत खताचे वाटप केले आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. २०१८ साली तो लेख मागे घेऊन दुरुस्त हिशेबासह पुन्हा छापावा लागला. आकडे जवळपास तेच राहिले, भाषा मात्र नरमली. फायदा सर्वांत स्पष्ट दिसला तो अर्धांगवायूत. पुढे २०२२ साली स्पेनच्याच कोर्दोबा शहरातल्या हजारभर हृदयरुग्णांच्या सात वर्षांच्या प्रयोगातही हाच आहार कमी-स्निग्ध आहारापेक्षा सरस ठरला, विशेषतः पुरुषांत.

आपल्या देशातही असा एक प्रयोग झाल्याचा लेख २००२ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित साप्ताहिकात आला होता. २००५ साली त्याच साप्ताहिकाने त्या आकड्यांबद्दल जाहीर शंका व्यक्त केली. म्हणून मी तो हिशेबात धरत नाही.

तेव्हा फायदा आहे, हे माझे मत झाले. आता तोटे.

पहिला तोटा खिशाचा. स्पेनमध्ये ओळीने दुष्काळ पडले तेव्हा २०२३-२४ मध्ये ऑलिव्ह तेलाचे भाव त्यांच्याच देशात गगनाला भिडले. आपल्याकडे तर ते समुद्र ओलांडून येते. बरे, स्वस्त म्हणून दुकानात जो ‘पोमेस’ नावाचा डबा मिळतो, तो काय आहे हे साखर कारखान्याच्या सभासदाला लगेच समजेल. फळ पिळून पहिले तेल काढल्यावर जो चोथा उरतो (आपला बगॅसच म्हणा), त्याच्यातून रसायन लावून ओढलेले आणि शुद्ध केलेले ते तेल. ते विषारी नाही, पण स्पेनच्या प्रयोगात फायदा दिसला तो पहिल्या धारेच्या तेलाचा. तेलाच्या नावाखाली भेसळ किती थराला जाते, हे त्याच स्पेनने १९८१ साली भोगले. कारखान्यात वापरायचे रेपसीडचे तेल ऑलिव्ह म्हणून दारोदार विकले गेले. वीस हजारांवर लोक आजारी पडले, शेकडो दगावले.

दुसरा तोटा मापाचा. कोणतेही तेल असो, ग्रॅमला नऊ कॅलरी. क्रीटचा शेतकरी ९५ ग्रॅम तेल जिरवत होता, कारण तो पहाटेपासून डोंगर चढत होता. मी मोटारसायकलवरून बांधापर्यंत जातो आणि बांधावर उभा राहून मोटर चालू झाली का बघतो. मी तेवढे तेल ओतले तर जाळी बसवायला दुसरी जागा शोधावी लागेल.

तिसरा तोटा दारूचा. जेवणाबरोबर पेलाभर द्राक्षाची दारू हा त्या आहाराचा भाग म्हणून सांगतात, आणि आपल्याकडे काही जणांना तेवढेच नेमके ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२३ साली स्वच्छ सांगितले, की दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. कारखान्याच्या आसवनीचा हिशेब संचालक मंडळ बघेल. हृदयाच्या नावावर पिणे बंद करा. खारवलेले ऑलिव्ह, चीज ह्यांतले मीठही रक्तदाबवाल्यांनी जपून घ्यावे.

पण मला जी गोष्ट सर्वांत जास्त लागली ती वेगळीच आहे. १९४८ च्या त्या पाहणीत क्रीटच्या कुटुंबांना विचारले होते की जेवणावर समाधानी आहात का. बहुतेकांनी नाही म्हटले. त्यांना मांस हवे होते, पोट भरत नव्हते. आज जगभरचे डॉक्टर ज्या ताटाची वाहवा करतात, ते ताट वाढून घेणाऱ्याला नको होते! फडावर ऊसतोडणीचा कामगार थंडीत भाकरी-चटणी खातो, त्याला जाऊन कुणी ‘आदर्श आहार’ म्हटले तर तो कोयता टाकून आपल्या तोंडाकडे बघेल. गरिबीला चविष्ट म्हणणे भरल्या पोटीच जमते.

आणि मग पैसा आला. पर्यटक आले, ट्रॅक्टर आले, क्रीटच्या शेतकऱ्याने मांस, चीज, गोड पदार्थ वाढवले, चालणे सोडले. युनेस्कोने २०१० साली ह्या आहाराला मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला; तोवर ग्रीस, इटली, स्पेनमधली शाळकरी मुले युरोपातल्या सर्वांत जाड मुलांत गणली जाऊ लागली होती.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या वडिलांच्या ताटात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची नाहीतर हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि रानातली भाजी असे. पाटाचे पाणी आले, ऊस आला, कारखाना आला. आमची घरे सिमेंटची झाली, पोरे शिकली, हे सगळे उसाने केले आणि त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण ज्वारी रानातून गेली, मग ताटातून गेली. क्रीटचे लोक ज्या रानभाज्या खुडतात त्यांत घोळ आहे. हीच, आपल्या सरीत उगवणारी लालसर देठाची घोळ. हृदयाला हितकर मानलेली काही स्निग्धाम्ले तिच्यात इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त सापडतात. आपण तिच्यावर तणनाशक मारतो.

राहिला साखरेचा विषय. साखर कारखान्याच्या मुखपत्रात तो टाळून लेख पुरा केला तर ती लबाडी होईल. त्या जुन्या क्रीटच्या ताटात साखर नाहीच म्हटली तरी चालेल; गोड सणाला, एरवी फळे. साखरेकडे बोट दाखवणारे जॉन युडकिन हे लंडनचे प्राध्यापक. त्यांनी १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यांना खोडून काढण्यात खुद्द कीज पुढे होते. त्याआधी १९६७ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी सगळा दोष स्निग्ध पदार्थांवर टाकणारा आढावा लिहिला. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, हे २०१६ साली जुन्या पत्रांवरून उघड झाले. दूधवाल्यांच्या संघाने असे केले असते तर आपण काय म्हटले असते?

साखर विष आहे असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे साधारण सहा चमचे. गूळ, काकवी त्यातच धरायची. ‘गुळाचा चहा चालतो’ ही आपण आपलीच केलेली समजूत आहे. मी मोजले. आजारापूर्वी दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. दहा तिथेच झाले. लग्नसराईतली जिलेबी वेगळी.

म्हणून आता आमच्या घरी असे चालते : दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, रोज डाळ किंवा उसळ, दोन भाज्या, मूठभर शेंगदाणे, तेल शेंगेचेच पण पळीने मोजून, पेरू-पपई हंगामाप्रमाणे, मटण महिन्यातून एकदा. रोज सकाळी कॅनॉलच्या कडेने तासभर चालणे. ऑलिव्हचा डबा अर्धा संपला. कच्च्या काकडी-टोमॅटोवर ते बरे लागते, चपातीला नको. संपल्यावर दुसरा आणू नकोस, असे चिरंजीवांना कळवले आहे.

सवलतीच्या साखरेचे माझे कार्ड मी परत केलेले नाही, करणारही नाही. ती सभासदाच्या हक्काची गोष्ट आहे. पण येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी दोन सूचना मी लेखी दिल्या आहेत. एक, दरवर्षीच्या आरोग्य शिबिरात सभासदांबरोबर तोडणी कामगारांचीही रक्तदाब व रक्तशर्करा तपासावी. दोन, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा बिनसाखरेचा द्यावा आणि साखर शेजारी वाटीत ठेवावी. पहिल्या सूचनेला अनुमोदक लगेच मिळाला. दुसरीला अजून मिळालेला नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद