ऐसपैस घराच्या शोधात

मार्च 2020 मधील टाळेबंदीने माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील काम घरात आणले आणि मुंबई-पुण्यातील लहान सदनिका अपुऱ्या पडू लागल्या. एकाच खोलीत दोघांच्या बैठका आणि मुलांची ऑनलाइन शाळा चालवणे कठीण होते. अनेक कुटुंबांनी गावचे घर गाठले. तेथे अंगण मिळते, कामाला वेगळी खोली मिळते आणि लोकलचा प्रवास वाचतो.

स्थलांतर टिकण्यासाठी केवळ जागा पुरत नाही; भरवशाची वीज आणि इंटरनेटही लागते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतील विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. ती आज भारतनेट म्हणून ओळखली जाते. परंतु पंचायतीत आलेली जोडणी घरापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग होतो.

गावी घर नसलेल्यांसाठी जमिनीची खरेदीही सोपी नाही. 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून गावठाणातील किंवा बिगरशेती झालेली जागा पाहावी आणि सातबारा, फेरफार व पोहोचरस्ता तपासावा.

नवे रहिवासी आले की पाणी व कचरा व्यवस्थेवरील भारही वाढतो. शासनाने भरवशाची वीज, घरोघरी इंटरनेट, सुसज्ज आरोग्य केंद्र आणि चांगली शाळा यांना प्राधान्य द्यावे. या सोयी आल्या तर नव्या कुटुंबांइतकाच मूळ गावकऱ्यांनाही लाभ होईल आणि गावातील तरुणांना नोकरीसाठी शहर गाठावे लागणार नाही.