डोंगर आमचा, मग भाव दुसऱ्याचा का?



निवडणूक आली की पुढाऱ्यांना डोंगराळ भागाचं मागासलेपण आठवतं. मग पर्यटन, रिसॉर्ट, रस्ते अशी यादी वाचली जाते. आमचा सवाल साधा आहे. ज्या डोंगरातून शंभर वर्षांहून जास्त काळ माल बाहेर जातो आहे, तो डोंगर गरीब कसा?

हिशोब मांडा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीज निघतं. ते पोलादाला लागतं, बॅटरीला लागतं. मे महिन्याच्या उन्हात आमच्या बाया तेंदूची पानं तोडतात, 70 पानांचा पुडा बांधून फळीवर देतात. त्या पानांचा व्यापार 1969 च्या कायद्यानं सरकारनं मुठीत घेतला. ढिवर बांधव ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवतात, पाखरं-मुंग्यांपासून महिना-दीड महिना राखण करतात. त्याच कोशाची साडी शहरात काय भावानं जाते, ते दुकानात जाऊन विचारा. घाम इथं गळतो, भाव दुसरीकडं ठरतो. ही रीत मोडत नाही तोवर अनुदानाची कितीही पाकिटं वाटा, डोंगराचा विकास होणार नाही.

रीत मोडायचं हत्यार आपल्या हातात आहे. 1996 चा पेसा कायदा भंडाऱ्याला लागू नाही, कारण आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे. बांबू, तेंदूपत्ता, टसर, कोसा, मध, लाख या गौण वनोपजांवर त्यानं गावाची मालकी मानली आहे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक हक्काचा दाखला मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही घेतला.

साहेब म्हणतात, गावाच्या हाती दिलं तर जंगल उरणार नाही. साहेब, कूप कोणी काढले? कागद गिरण्यांना बांबूचे ठेके कोणी दिले? ग्रामसभेनं नक्कीच नाही.

तेव्हा कामाला लागा. दावा केला नसेल तर ग्रामसभा बोलवा. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कागद नाही म्हणून घाबरू नका. निस्तारपत्रक काढा, जुनं गॅझेटिअर काढा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. कायदा हे पुरावे मानतो. शेवटचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं होतो, म्हणून दाव्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

पुढच्या जिल्हा बैठकीला भाषण घेऊन येऊ नका, ग्रामसभेचा ठराव घेऊन या.