पावसात सायकल चालवताना



पाऊस लागला की शाळेची पोरं आणि डेअरीला दूध घालणारे अंगावर खोळ घेऊन सायकलवर निघतात. पायी चालताना खोळ उत्तम, सायकलवर मात्र ती जपून वापरावी लागते. माझंच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला पायघोळ केप घालून मी शिवारफेरीला निघालो. उतारावर तिचं टोक मागच्या चाकात गुंतलं आणि मी डांबरीवर आडवा. मागून एस.टी. येत नव्हती, म्हणून आज हे लिहितो आहे.

बिनबाह्यांची केप वाईट नाही. रेनकोटात पायडल मारताना माणूस घामानेच भिजतो; केपखाली वारा खेळतो. पण ती गुडघ्याखाली नको. मागची बाजू आतून नाडीने कमरेला बांधा. पुढची बाजू हँडलवर घ्या आणि कडेला शिवलेले फासे अंगठ्यांत अडकवा. टोपी अशी आवळा की मान वळवली की तीही वळेल, नाहीतर मागची गाडी दिसत नाही. रंग पिवळा किंवा पांढरा घ्या. काळं घोंगडं अंधारात दिसत नाही.

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उताराआधीच हलका दाबा. आडवा वारा सुटला की केप शिडासारखी फुगते. उतरून चालण्यात कमीपणा नाही.

उद्या पोरगं शाळेला निघालं की दप्तराआधी खोळीचं टोक बघा. नाडी दोन पैशांची, पाय मोलाचा.