दुकानाचा सात-बारा कोणाच्या नावावर?

सात-बारा कोणाच्या नावावर आहे हे पाहिल्याशिवाय कोणी शेतकरी जमिनीत विहीर खोदत नाही. खंडाने घेतलेल्या रानात आंब्याची कलमे कोणी लावत नाही. लावलीच तर गाव त्याला वेड्यात काढते. खतपाणी घालायचे, पाच वर्षे राखण करायची आणि फळ धरायच्या सुमारास मालकाने "रान सोड" म्हटले की हात झाडून बाहेर पडायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

मग हीच शहाणी माणसे मोबाईलवर दुकान मांडताना हा साधा प्रश्न का विचारत नाहीत?

आज गावोगाव माल थेट गिऱ्हाइकाला विकण्याची धडपड चालू आहे. कोणी हापूसच्या पेट्या पाठवतो, कोणी गूळ आणि काकवी, कोणी हळद, बेदाणे, काजूगर, हातसडीचा तांदूळ. मायबहिणींचे गट पापड, शेवया, मसाले, लोणची विकतात. त्यातल्या बहुतेकांचे दुकान म्हणजे फेसबुकवरचे एक पान, इन्स्टाग्रामवरचे एक खाते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक गट. या धडपडीचे आम्हाला कौतुकच आहे. सांगायचे आहे ते इतकेच की हे दुकान तुमचे नाही. ते खंडाचे रान आहे, आणि त्या खंडाचा कागदसुद्धा तुमच्या हातात नाही.

दार उघडले, पण

थोडे मागे जाऊन पाहू. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याचा माल समितीच्या आवारात बांधून घातला. माल उतरवायचा, पुकारा ऐकायचा, अडत, हमाली, तोलाई कापून हातात येईल ती पट्टी खिशात घालायची आणि परत यायचे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाला नियमनातून मोकळा झाला. त्याच वर्षी देशात युपीआय आले आणि गिऱ्हाइकाच्या खात्यातून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे क्षणात येऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा शेतकऱ्यांच्या पोरांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत भाजी, द्राक्षे, आंबा थेट पोचवला. शेतकऱ्याला व्यापार जमत नाही म्हणणाऱ्यांची तोंडे तेव्हा बंद झाली.

१९९१ साली शेतकरी संघटनेने चतुरंग शेतीची मांडणी केली. त्यात सीताशेती आणि निर्यातशेतीच्या बरोबरीने माजघरशेती आणि व्यापारशेती होती. माल घरात तयार करायचा आणि आपणच विकायचा, ही गोष्ट तेव्हा फार जणांना स्वप्नासारखी वाटली होती. आज त्याला लागणारी साधने खिशातल्या मोबाईलमध्ये आहेत. अडचण आहे ती वेगळीच. दार उघडले, पण दारातून बाहेर पडून आपण दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

गिऱ्हाईक कोणाचे?

जुन्या बाजारात शेतकऱ्याची खरी लूट फक्त अडतीची नव्हती. आपला कांदा शेवटी कोणाच्या घरात गेला, त्याने काय भावाने घेतला, त्याला तो आवडला की नाही, यातले काहीच शेतकऱ्याला कळत नसे. गिऱ्हाईक व्यापाऱ्याचे होते. ज्याचे गिऱ्हाईक, त्याचा भाव.

आता फेसबुकच्या पानाकडे पाहा. पानावर दहा हजार माणसे जोडलेली आहेत म्हणून आपण खूश असतो. त्या दहा हजारांचे पत्ते तुमच्याकडे आहेत काय? गेल्या वर्षी कोणी दोन किलो हळद घेतली आणि कोणी पाच, हे तुमच्या वहीत आहे काय? नसेल तर ती माणसे तुमची गिऱ्हाइके नव्हेत. ती कंपनीची आहेत. तुमची गाठ घालून द्यायची की नाही, हे कंपनी ठरवते.

आणि ती कशी ठरवते हेही उघड आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे जवळजवळ सगळे उत्पन्न जाहिरातीचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की लोकांना यापुढे नातलग आणि मित्रांचा मजकूर जास्त दिसेल, धंद्यांच्या पानांचा कमी. म्हणजे जी माणसे दुकानदारांनी वर्षानुवर्षे खपून जोडली, त्यांच्याच डोळ्यांपुढे जायला पैसे मोजणे आले. हीच ती नवी अडत. जुनी अडत निदान पट्टीवर लिहिलेली तरी असे.

व्हॉट्सअ‍ॅपचे तरी काय? एकाच वेळी अनेकांना निरोप धाडायची यादी २५६ नावांवर थांबते, आणि ज्याने तुमचा नंबर मोबाईलमध्ये साठवलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही.

मालकाची मर्जी

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ज्यांच्या सणाच्या मागण्या, गिऱ्हाइकांशी बोलणे, मालाची चित्रे सगळे त्याच तीन ठिकाणी होते, त्यांचे दुकान त्या रात्री जगातून नाहीसे झाले. त्याआधी २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ज्यांनी आपला सारा बोलबाला तिथेच उभा केला होता, त्यांचे भांडवल एका संध्याकाळी शून्य झाले. गुगलने छोट्या दुकानदारांना फुकट बांधून दिलेली साधी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकली. फुकटच्या जागेवरून उठवताना कोणी भरपाई देत नाही.

ही झाली मोठी उदाहरणे. रोजची दुखणी याहून बारीक आहेत. खाते अचानक बंद होते आणि कारण कळत नाही. कोणी चोर खात्याची किल्ली पळवतो. कोणी तुमच्याच पेट्यांची चित्रे लावून तुमच्या नावाचे दुसरे खाते काढतो, गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेतो आणि पसार होतो. शिव्या तुम्हाला बसतात. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी खरा हापूस कोणाचा ही ओळख पटवताना बागायतदाराच्या नाकीनऊ येतात. अशा वेळी "आमचा खरा पत्ता हा, बाकी सारे खोटे" असे पेटीवर छापायला स्वतःचा पत्ता तर हवा!

२०२१ च्या नियमांप्रमाणे या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार जरूर करावी. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आंबा थांबत नाही. एप्रिलच्या मध्यावर खाते बंद पडले आणि जूनमध्ये उघडले, तर त्या बागायतदाराने वर्षभर काय खायचे? कारखानदाराचा एक महिना बुडाला तर अकरा उरतात. शेतकऱ्याचा हंगामच दीड-दोन महिन्यांचा.

आपले दुकान म्हणजे काय?

स्वतःचे दुकान म्हणजे काही मोठे प्रकरण नाही. पहिली गोष्ट, स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन. तो वर्षाच्या भाड्याने मिळतो. साध्या नावाला वर्षाकाठी हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. २०१४ पासून तर शेवटी ".भारत" असलेला पत्ता देवनागरीतसुद्धा घेता येतो. दुसरी गोष्ट, संकेतस्थळ ठेवायला भाड्याची जागा. तिसरी, दुकानाची मांडणी. वर्डप्रेस आणि त्यावर चालणारे वूकॉमर्स यांसारखी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. महिन्याच्या भाड्याने तयार दुकान देणाऱ्या कंपन्याही आहेत. तिथे मालाची चित्रे, वजन, भाव, घरपोच खर्च आणि पैसे भरायची सोय मांडली की दुकान उभे राहिले. चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खतावणी: कोण गिऱ्हाईक, कुठला, काय नेले, केव्हा नेले.

इथे कोणी म्हणेल, डोमेनही भाड्याचे, जागाही भाड्याची. मग खंडाच्या रानात आणि यात फरक तो काय? फरक मोठा आहे. जागेचे भाडे वाढवले तर बिऱ्हाड हलवता येते आणि दुकानाचा पत्ता तोच राहतो. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही की मागे गोदाम बदलले. डोमेनची वर्षाची पट्टी वेळेवर भरली आणि कायदा पाळला की ते नाव दुसरा कोणी घेऊ शकत नाही. फेसबुकचे पान उचलून दुसरीकडे नेता येते काय?

म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगतो. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. दुकान बांधून देणारा पोरगा हुशार असतो, भला असतो, पण सोयीसाठी तो डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन टाकतो. उद्या तो नोकरीला परगावी गेला की दुकानाची किल्लीही गेली. नोंदणी तुमच्या नावावर, मोबाईल नंबर तुमचा, ईमेल तुमचा, हे डोळ्यांनी पाहा. जमिनीचा फेरफार जसा पाहता तसा. आणि गिऱ्हाइकांच्या यादीची एक प्रत दर महिन्याला घरी काढून ठेवा. ती यादी दुसऱ्याला विकू नका. गिऱ्हाइकाने पत्ता तुमच्या भरवशावर दिलेला असतो.

"पण फुकटचे आहे ना!"

यावर तीन आक्षेप हटकून येतात.

पहिला, "फेसबुक फुकट आहे, दुकानाला खर्च येतो." हिशेब मांडू. समजा तुमची तीनशे घरे ठरलेली आहेत आणि प्रत्येक घर वर्षाला दोन किलो हळद नेते. म्हणजे सहाशे किलो. किलोमागे दहा रुपये दुकानाच्या खर्चासाठी धरले तरी सहा हजार झाले. पत्ता, जागा आणि किरकोळ देखभाल त्यात भागू शकते. जाहिरातीत यापेक्षा अधिक जाते आणि दरवर्षी पुन्हा जाते, कारण जाहिरात गिऱ्हाईक दाखवते, हातात देत नाही.

दुसरा, "गिऱ्हाईक तर तिथेच आहे." अगदी खरे. म्हणून तिथून उठा असे आम्ही म्हणत नाही. आठवडी बाजारात दवंडी पिटावी, पण दवंडी पिटायच्या जागेला कोणी दुकान म्हणत नाही. चित्र तिथे टाका, शेताची गोष्ट तिथे सांगा, आणि मागणी नोंदवायला मात्र आपल्या दारात आणा. मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठांवर माल ठेवायचा तर तोही ठेवा. पण तिथे कमिशन कापले जाते आणि गिऱ्हाईक कंपनीचे राहते, हे ओळखून ठेवा.

तिसरा, "आम्हाला जमणार नाही." एकट्याला जमणार नाही, हे बऱ्याच ठिकाणी खरे आहे. दहा जणांना जमते. एका गावचा गूळ, शेजारच्या गावचा तांदूळ, तिसऱ्या गावच्या बायकांचे मसाले असे मिळून एक दुकान चालू शकते. ज्या पोराला शिकून नोकरी मिळत नाही, त्याच्या हाताला गावातच काम मिळते. माल पोचवायला टपाल खाते आहे. देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतच आहेत.

दुकान काय करणार नाही

दुकान उघडले म्हणून गिऱ्हाईक आपोआप येत नाही. पहिली दोन वर्षे एकेक घर जोडावे लागते. प्रत्येक पेटीत पत्त्याची चिठ्ठी घालावी लागते. नासका आंबा गेला तर तो विनातक्रार बदलून द्यावा लागतो. दळलेली हळद, लोणचे, मसाला विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, पाकिटावर वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता हवा. यात टाळाटाळ चालणार नाही. आणि ट्रॉलीभर कांदा किंवा टोमॅटो घरबसल्या विकला जाईल, हे कोणी सांगत असेल तर तो थापा मारतो. त्या मालाचा प्रश्न बाजाराचा आणि धोरणाचा आहे. तो मोबाईलने सुटणार नाही. टिकाऊ, वजनाला हलका आणि किमतीला भारी असा जो माल आहे, त्याचे हे साधन आहे. पण तेवढ्या मालापुरता तरी भाव सांगण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हातात येतो. ज्याने जन्मभर दुसऱ्याने पुकारलेला भाव ऐकला, त्याने स्वतःच्या हाताने फळ्यावर भाव लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्याकडे थेट विकला जाणारा माल कोणता आणि किती. आजवर माल नेलेल्या गिऱ्हाइकांची नावे-पत्ते किती जणांच्या वहीत आहेत. आणि ज्यांचे संकेतस्थळ आधीच आहे, त्यांचे डोमेन कोणाच्या नावावर आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना काहींना धक्का बसेल. तो हंगामाच्या आधी बसलेला बरा. नाव फिरवून घ्यायला वेळ मिळतो.